लेझर प्रोजेक्टर घेताय? आधी काळा रंग पाहा

लग्नाचे हॉल चालवणारे, साऊंड-लाइटबरोबर पडदाही भाड्याने देणारे, क्लासेसवाले आणि तालुक्याच्या गावी एकपडदा थिएटर कसेबसे तगवून धरलेले मालक, या सगळ्यांच्या धंद्यात सध्या एक प्रश्न सारखा निघतो. जुना दिव्याचा प्रोजेक्टर काढून लेझरचा घ्यावा काय? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशीला गेले की दुकानदार दोन आकडे सांगतो. उजेड इतके हजार ल्युमेन आणि कॉन्ट्रास्ट तीस लाखास एक. आकडा ऐकूनच माणूस दबतो. हप्ते बांधले जातात, माल येतो, हॉलमध्ये लागतो आणि पहिल्याच लग्नात नवरदेवाची काळी शेरवानी पडद्यावर राखेच्या रंगाची दिसते. गिऱ्हाइकाला तांत्रिक भाषा येत नाही. तो एवढेच म्हणतो, "चित्र दुधाळ आहे," आणि भाड्यातून पैसे कापतो.

हा दुधाळपणा येतो कोठून आणि तो घालवण्यासाठी दरवेळी नवे यंत्रच घ्यावे लागते काय, याचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. उजेड विकत घेणे सोपे आहे. काळोख विकत घेणे महाग आहे, आणि पुष्कळदा त्याची गरजच नसते, कारण तो आपल्याच हॉलमध्ये रंगाच्या दोन डब्यांत मिळतो.

मुळात एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रोजेक्टर पांढरा, लाल, निळा, हवा तो रंग पडद्यावर फेकू शकतो. काळा रंग मात्र फेकू शकत नाही. काळा म्हणजे त्या जागी उजेड न पडणे. पडदा पांढरा असल्यामुळे त्याच्यावर जरासा भरकटलेला उजेड पडला तरी ती जागा राखाडी होते. चित्रातला सर्वांत उजळ भाग सर्वांत काळ्या भागाच्या किती पट उजळ आहे, त्या पटीला कॉन्ट्रास्ट म्हणतात. आता गंमत अशी की अंधाऱ्या खोलीत यंत्राचा उजेड दुप्पट केला तर यंत्रातून काळ्या भागात गळणारा उजेडही दुप्पट होतो आणि पट जिथल्या तिथेच राहते. म्हणून जास्त ल्युमेनचे यंत्र म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टचे यंत्र, हा समज साफ चुकीचा आहे.

आकडा एक, अर्थ तीन

कॉन्ट्रास्ट मोजण्याच्या रीती एकाहून अधिक आहेत आणि खोक्यावर कोणती छापली आहे हे बहुधा सांगितले जात नाही. पहिल्या रीतीत सगळा पडदा पांढरा करून मोजतात, मग सगळा काळा करून मोजतात आणि भागाकार करतात. दुसऱ्या रीतीत पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे सोळा चौकोन दाखवतात, आठ पांढरे आणि आठ काळे, आणि दोन्ही एकाच वेळी मोजतात. हिला अमेरिकेतल्या मानक संस्थेच्या नावावरून अ‍ॅन्सी कॉन्ट्रास्ट म्हणतात. ही परीक्षा कठीण, कारण पांढऱ्या चौकोनांचा उजेड भिंगात आणि काचांत भटकून काळ्या चौकोनांत शिरतो. प्रत्यक्ष चित्रात होते ते हेच. नवरदेवाची शेरवानी काळी असते तेव्हा शेजारी नवरीचा लखलखता पोशाख आणि मागे दिव्यांचा स्टेज असतोच.

तिसरी रीत लेझर आल्यापासून फार बोकाळली. पूर्ण काळे दृश्य आले की यंत्र लेझरच मंद करते किंवा बंद करते. दिव्याला असे क्षणात विझता-पेटता येत नव्हते, लेझरला येते. मग पांढऱ्याला जवळजवळ शून्याने भागायचे आणि येईल तो आकडा खोक्यावर छापायचा! तीस लाख काय, एक कोटीही येईल. याला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट म्हणतात. तो निव्वळ खोटा नाही. सिनेमात दोन दृश्यांमध्ये पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो तेव्हा तो कामाला येतो. परंतु रात्रीच्या आभाळात चंद्र असेल तर लेझर मंद केल्यावर चंद्रही मंद होतो. एकाच चित्रातल्या उजळ-काळ्याला या आकड्याचा काही उपयोग नाही.

मग चांगल्या थिएटरात खरा आकडा किती असतो? हॉलीवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी एकत्र येऊन डिजिटल सिनेमाचे जे नियम २००५ साली प्रसिद्ध केले, त्यात पडद्यावरचा पांढरा ४८ कँडेला प्रति चौरस मीटर धरला आहे. पहिल्या रीतीने कॉन्ट्रास्ट २००० असावा, प्रेक्षकांच्या थिएटरात १२०० च्या खाली जाऊ नये. पटाच्या रीतीने १५० असावा, १०० च्या खाली जाऊ नये. म्हणजे ज्या चित्राला तिकीट काढून आपण वाहवा देतो, त्यात एकाच वेळी दिसणाऱ्या पांढऱ्या-काळ्याचा फरक शे-दीडशे पटीचा असतो. तीस लाखांच्या गप्पा करणाऱ्या दुकानदाराला आपण विचारायचे ते एवढेच, की पटाच्या रीतीने तुमचे यंत्र किती देते? उत्तर आले नाही तर तेही एक उत्तरच आहे.

काळोख कोठे गळतो

आता उजेडाच्या वाटेने चालत जाऊ. आपल्याकडे हॉलमध्ये आणि थिएटरांत दिसणाऱ्या पुष्कळशा यंत्रांत डीएलपी नावाची चिप असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली ती शोधली. तिच्यावर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असे लाखो आरसे असतात. आरसा एका बाजूला कलला की उजेड लेन्समध्ये जातो आणि पडद्यावर ठिपका उमटतो. दुसऱ्या बाजूला कलला की उजेड आतल्या काळ्या सापळ्यात जातो आणि तेथे उष्णता होऊन मरतो. कलण्याचा कोन बऱ्याच चिपांत १२ अंश असतो, काही नव्यांत १७.

सगळा उजेड सापळ्यात गेला असता तर तक्रार नव्हती. पण आरशांच्या मध्ये फटी असतात, आरशांना कडा असतात. तेथून उजेड इकडेतिकडे विखुरतो आणि त्यातला थोडा लेन्समध्ये शिरतो. चिपवर येणारा झोत जितका रुंद शंकूसारखा, तितका हा चोरटा उजेड जास्त. १२ अंशांच्या आरशाला एफ २.४ एवढा शंकू जेमतेम पेलतो. त्यात लेन्समध्ये जाणारा आणि सापळ्यात जाणारा झोत एकमेकांना अगदी खेटून असतात. शंकू अरुंद केला की मध्ये मोकळी जागा राहते आणि काळा रंग खरोखर काळा होऊ लागतो. फोटोग्राफर बंधूंना हा एफचा आकडा ठाऊक आहेच. २.४ वरून ३.४ वर गेले की उजेड निम्मा होतो.

जुन्या दिव्याची अडचण येथे होती. दिव्याच्या ठिणगीतून उजेड चहूकडे पसरतो. तो गोळा करायचा तर शंकू रुंद ठेवणे भाग पडते. अरुंद केला तर निम्मा उजेड वाया जातो. लेझरचे किरण मुळातच बारीक आणि एका दिशेचे. त्यामुळे शंकू अरुंद ठेवूनही जवळजवळ सगळा उजेड चिपवर पोचवता येतो. म्हणजे उजेड न गमावता काळा सुधारता येतो. लेझरचा खरा मोठेपणा, आमच्या मते, याच्यात आहे.

परंतु येथेच गिऱ्हाइकाने सावध व्हावे. बाजारात 'लेझर' म्हणून जी यंत्रे विकली जातात, त्यांतली बरीच लेझर-फॉस्फर जातीची असतात. त्यांत निळा लेझर पिवळ्या फॉस्फरच्या चाकावर पडतो आणि तो फॉस्फर पिवळा उजेड देतो. त्यातूनच लाल आणि हिरवा काढला जातो. लेझर किती का बारीक असेना, फॉस्फरमधून निघणारा उजेड पुन्हा दिव्यासारखाच चहूकडे पसरतो. म्हणजे आयुष्य वाढले, दिवा बदलण्याची कटकट गेली, पण अरुंद शंकूचा लाभ जवळपास गेला. लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही लेझर स्वतंत्र असलेल्या यंत्रातच तो लाभ मिळू शकतो, आणि तोही कारखानदाराने भिंगाचे तोंड अरुंद ठेवले असेल तर. ल्युमेनचा आकडा फुगवण्यासाठी ते रुंदच ठेवणारेही आहेत. लेन्समध्ये आयरिस, म्हणजे छिद्र लहान-मोठे करण्याची सोय, आहे काय हे म्हणूनच विचारावे. अंधारा हॉल असेल तर थोडा उजेड सोडून देऊन छिद्र लहान करणे हा सौदा फायद्याचा ठरतो.

दुसऱ्या जातीच्या यंत्रांत द्रवस्फटिकाच्या पट्ट्या असतात. त्यांत उजेडाला एका दिशेने कंप पावायला लावतात, म्हणजे त्याचे ध्रुवीकरण करतात, आणि नको असलेला उजेड ध्रुवक पट्टीने अडवतात. तेथेही तिरकस किरण पूर्ण अडत नाहीत, म्हणून अरुंद झोताचा फायदा होतो. शिवाय लेझरचा उजेड बहुधा आधीच ध्रुवीकृत असतो. मात्र उजेड फार झाला की आतली लोलकाची काच तापते, काचेवर ताण येतो आणि ध्रुवीकरण बिघडते. काळ्या पडद्यावर कोपऱ्यात ढगासारखे डाग दिसले तर असा ताण हे त्याचे एक कारण असू शकते.

पुढे येते लेन्स. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड मागे फिरतो. एका प्रोजेक्टर लेन्समध्ये समजा बारा भिंगे आहेत, म्हणजे चोवीस पृष्ठभाग. काचेवर काहीच लेप नसता तर पडद्यावर पोचता पोचता शंभरातला फक्त सदतीस-अडतीस टक्के उजेड उरला असता. चांगला बहुपदरी लेप असेल आणि प्रत्येक पृष्ठभागावरून अर्धाच टक्का मागे फिरत असेल, तर सुमारे ८९ टक्के उरतो. नुकसान केवळ गेलेल्या उजेडाचे नाही. मागे फिरलेला उजेड भिंगाभिंगांत ये-जा करून शेवटी धुक्यासारखा चित्रभर पसरतो, आणि पटाच्या रीतीचा आकडा तेथेच पडतो. म्हणूनच महागड्या लेन्समध्ये भिंगाच्या कडाही काळ्या रंगवलेल्या असतात आणि नळीच्या आतून काळा खरखरीत थर असतो. लेन्स स्वस्तात बदलून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.

थिएटरमालकांनी आणखी एक काच तपासावी, बूथच्या झरोक्याची. कित्येक ठिकाणी तेथे साधी खिडकीची काच असते. तिला दोन पृष्ठभाग, म्हणजे आठ टक्के उजेड जागीच गेला. वर तिच्यात प्रतिबिंब पडून पडद्यावर भूतासारखी फिकी दुसरी प्रतिमा उमटते. लेप दिलेली काच बसवून ती थोडी तिरकी ठेवली की मागे फिरलेला उजेड लेन्समध्ये परत शिरत नाही. यंत्राच्या किमतीपुढे ही काच म्हणजे किरकोळ खर्च, पण आधी कोणी तिच्याकडे पाहतच नाही.

लेझरचा स्वतःचा दोष

तिन्ही लेझरांच्या यंत्रात एक नवी कटकट आहे. पांढऱ्या किंवा एकरंगी भागात वाळू चमकावी तसा रवाळपणा दिसतो. याला स्पेकल म्हणतात. लेझरचा किरण एकाच तरंगलांबीचा आणि शिस्तीत चालणारा असतो. तो खरखरीत पडद्यावर आपटला की परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात, कोठे भर पडते, कोठे वजाबाकी होते, आणि डोळ्याला ठिपके दिसतात. पडद्यावर डाग आहे की स्पेकल आहे हे ओळखायची रीत सोपी आहे. डोके थोडे हलवा. डाग जागेवर राहतो, स्पेकल आपल्याबरोबर सरकते.

यावरचा उपाय म्हणजे ठिपक्यांच्या अनेक वेगवेगळ्या नक्ष्या एकमेकींवर इतक्या भराभर पाडायच्या की डोळ्याला सरासरीच दिसावी. त्यासाठी कारखानदार उजेडाच्या वाटेत फिरती दुधी काच ठेवतात, प्रकाशतंतू थरथरवतात, किंवा थोड्या थोड्या वेगळ्या तरंगलांबीचे अनेक लेझर एकत्र वापरतात. येथे गणित जरा कडक आहे. शंभर स्वतंत्र नक्ष्या मिसळल्या तर ठिपके शंभर पट नव्हे, दहा पटच कमी होतात. काही थिएटरांत पडदाच हलका थरथरवतात. आपल्या हातात काय आहे? पडद्याची निवड. थ्रीडीसाठी लावलेल्या चंदेरी पडद्यावर स्पेकल जास्त उठून दिसते, मॅट पांढऱ्यावर कमी. चंदेरी पडदा तसाच ठेवून तीन लेझरांचे यंत्र बसवणाऱ्याने आधी त्याच पडद्यावर नमुना पाहिल्याशिवाय एक पैसा देऊ नये.

ता. क. म्हणून एक सांगतो. शुद्ध लेझरच्या पांढऱ्या रंगावरून दोन धडधाकट माणसांत वाद होऊ शकतो. एकाला तो किंचित गुलाबी वाटतो, दुसऱ्याला हिरवट. माणसामाणसाच्या डोळ्यांत थोडा फरक असतो आणि अगदी अरुंद रंगांत तो उघडा पडतो. तेव्हा ऑपरेटरवर लगेच ओरडू नये.

हॉलचा हिशेब

येथपर्यंत यंत्राचे झाले. आमच्या मते आपल्याकडे निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ यंत्रात नसून हॉलमध्ये असते. आकडेच पाहा.

समजा ५००० ल्युमेनचे यंत्र आहे आणि पडदा १२ फूट बाय ७ फूट. क्षेत्रफळ सुमारे ७.८ चौरस मीटर. पडद्यावर सरासरी ६४० लक्स उजेड पडतो. हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू आहेत आणि त्यांचा ५० लक्स उजेड पडद्यावर येतो. रात्री घरातल्या बैठकीच्या खोलीत साधारण इतका उजेड असतो, म्हणजे फार नव्हे. आता पांढरा झाला ६९० आणि काळा ५०. कॉन्ट्रास्ट किती? चौदास एक, तोही जेमतेम. तीस लाखांचे चौदा झाले.

मालक म्हणतो, मोठे यंत्र घेऊ. १०,००० ल्युमेनचे घेतले तर पट होते सुमारे २७. पैसे दुप्पट-तिप्पट गेले आणि चौदाचे सत्तावीस झाले. त्याऐवजी जुनेच यंत्र ठेवून पडद्याजवळच्या ट्यूबलाइट बंद केल्या, बाकीच्या दिव्यांना पडद्याच्या बाजूने पत्र्याची आडोशी लावली आणि ५० लक्सचे ५ लक्स केले, तर पट होते १२९. खर्च एका इलेक्ट्रिशियनच्या दिवसाच्या मजुरीचा. उलट कोणी हौसेने पडदा १७ बाय १० फुटांचा केला तर त्याच ५० लक्समध्ये पट सातावर येते. मोठा पडदा म्हणजे मोठी इभ्रत, ही समजूत धंद्याला महाग पडते.

या हिशेबात यंत्राची स्वतःची गळती धरलेली नाही, आणि चित्राचाच उजेड भिंतींवर आपटून परत पडद्यावर येतो तोही नाही. आपल्या हॉलची भिंत पांढरी, छत पांढऱ्या पीओपीचे, खाली चकचकीत फरशी, वर पडद्याच्या दोन्ही अंगांना पांढरे सॅटिनचे झालर. पांढरा रंग आलेल्या उजेडातला सुमारे ऐंशी टक्के परत फेकतो, गडद मॅट रंग दहा टक्क्यांच्या आसपास. सबंध हॉल काळा करायला कोणी सांगत नाही, लग्नाच्या घरात ते शोभणारही नाही. पण पडद्याच्या आजूबाजूची आणि वरच्या छताची पहिली आठ-दहा फूट जागा गडद मरून किंवा निळ्या मॅट रंगाने रंगवावी, किंवा कार्यक्रमापुरता गडद कापडाचा पडदा सोडावा. पडद्याच्या चारही कडांना काळ्या मखमलीची वीतभर पट्टी असावी. ती बाहेर सांडलेला उजेड गिळते.

करड्या पडद्याविषयी एक गैरसमज दुकानांतून पसरवला जातो. करडा पडदा भिंतींवरून फिरून येणारा उजेड कमी करतो हे खरे, कारण मुळात भिंतींकडे जाणाराच उजेड कमी होतो. पण ट्यूबलाइटचा थेट पडणारा उजेड तो जेवढा दाबतो तेवढाच चित्राचा पांढराही दाबतो, पट बदलत नाही. समोरचा उजेड परतवून वरून-बाजूने येणारा उजेड अडवणारे खास पडदे मिळतात. त्यांचा उपयोग होतो, मात्र ते महाग असतात आणि बाजूला बसलेल्यांना चित्र मंद दिसू शकते.

यंत्र तिरके लावून चित्र बटणाने सरळ करण्याची खोडही सोडावी. की-स्टोन दुरुस्ती म्हणून ती प्रसिद्ध आहे. चिपचा जो कोपरा त्यामुळे वापराबाहेर जातो, तो बंद होत नाही. त्यातून राखाडी उजेड गळतच राहतो आणि चित्राभोवती फिकी चौकट दिसते. शिवाय चित्राची धार जाते. स्टँडची उंची नीट करावी, किंवा लेन्सच वर-खाली सरकवण्याची सोय असलेले यंत्र घ्यावे.

आणि दिवसाउजेडी मोकळ्या मैदानात प्रोजेक्टर लावण्याचे काम कोणी आणले तर सरळ नाही म्हणावे. तेथे एलईडी वॉलच चालते. तिचा पृष्ठभाग मुळातच काळा असतो.

यंत्र आणि हॉल दोन्ही नीट केले तर काय होते याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. २०२५ साली पुण्यात खराडीला सिटीप्राइडने देशातले पहिले डॉल्बी सिनेमा सुरू केले. या पद्धतीत तीन रंगांच्या लेझरचे दोन प्रोजेक्टर असतात आणि उजेड एकाऐवजी दोन चिपांच्या चाळणीतून जातो. पहिलीतून गळलेला उजेड दुसरी अडवते. दोन्हींच्या पटींचा गुणाकार होतो. कंपनीचा दावा दहा लाखास एकचा आहे. पण लक्षात घेण्याची गोष्ट अशी की इतके करूनही त्या दालनाच्या आतली सजावट मॅट काळी ठेवतात. करोडोंचे यंत्र असलेल्यांनाही भिंतीचा रंग टाळता आला नाही.

धूर, धूळ आणि दमट हवा

भाड्याने यंत्र फिरवणाऱ्यांसाठी ही बाजू जास्त महत्त्वाची. ऑर्केस्ट्रात आणि नवरा-नवरीच्या एंट्रीला धुराचे यंत्र सोडतात. त्या धुराच्या द्रवाचा चिकट थर लेन्सवर बसतो. दहा-वीस कार्यक्रमांत लेन्स अशी होते की नवे यंत्रही जुने वाटावे. धूळ तेवढीच वाईट. लेन्सवरची धूळ काळा ठिपका म्हणून दिसत नाही, ती उजेड विखुरते आणि काळ्या भागाला राखाडी करते. कोकणात, रत्नागिरी-रायगडाकडे, पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते. ती वाढली की काचेवरचा लेपच खाते, मग साफ करूनही उपयोग नसतो. यंत्र पावसाळाभर बंद पेटीत ठेवू नये. आठवड्यातून तास-दोन तास चालवावे आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी वाळवाव्यात.

लेन्स कोरड्या फडक्याने, सदऱ्याच्या टोकाने पुसणे हा गुन्हा समजावा. आधी हातपंपाने धूळ उडवावी, मग लेन्सचा द्रव कागदाला लावून मधून कडेकडे हलक्या हाताने पुसावे. द्रव थेट काचेवर ओतू नये.

दुकानात काय पाहावे

पेनड्राइव्हवर तीन चित्रे घेऊन जावे: पूर्ण काळे, सोळा चौकोनांचा पट, आणि रात्रीचे एखादे दृश्य ज्यात काळे केस किंवा काळा कपडा आणि शेजारी दिवा असेल. दुकानातले दिवे बंद करायला सांगावे. दुकानदाराची चित्रफीत पाहूच नये. ती फुले, मासे आणि फटाक्यांचीच असते, तीत कोणतेही यंत्र शोभते. डायनॅमिक म्हणून जी सोय असेल ती मेनूत बंद करून पट पाहावा. काळ्या चौकोनांची तुलना दोन यंत्रांत शेजारी शेजारी करावी, आठवणीवर विसंबू नये.

ल्युमेनचा आकडा आयएसओ २१११८ या मानकाने मोजलेला आहे काय, हे बिलावर लिहून घ्यावे. 'एलईडी ल्युमेन' किंवा नुसतेच 'ल्युमेन' म्हणून छापलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. आतला प्रकाशाचा भाग धुळीपासून बंदिस्त आहे काय हेही विचारावे. लेझर यंत्रांत ही सोय पुष्कळांकडे असते आणि आपल्या रस्त्यांना ती हवीच.

आयुष्याचे २०,००० तास सांगतात, त्याचा अर्थ नीट घ्यावा. तेवढ्या तासांनी यंत्र बंद पडते असे नाही, तोवर उजेड निम्मा होतो. रोज बारा तास चालणाऱ्या थिएटरात हे साडेचार वर्षांत येते, महिन्याला दहा लग्ने करणाऱ्याच्या हयातीत कदाचित येणारच नाही. मात्र दिव्याच्या यंत्रात दिवा गेला तर आपण स्वतः नवा बसवत होतो. लेझरचा भाग गेला तर बहुधा आतला सगळा जोडच बदलावा लागतो, तोही कंपनीच्या कारागिराकडून. त्या जोडाची आजची किंमत आणि हमी किती वर्षांची व किती तासांची, यांत जे आधी संपेल ते की नंतर संपेल ते, हे पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावे.